निरोगी माणूस म्हणजे कोण?

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळी ओळखी चालल्या होत्या तेव्हा तुमच्यातल्या एकीने मला विचारलं, "म्हणजे तुम्ही सोनोग्राफीवाल्या बाई का?" प्रश्न साधाच होता, पण त्यातला संशय माझ्या लक्षात आला. मला राग आला नाही. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ उरल्या आणि २०११ साली ८९४. या आकड्यांमागे हे यंत्र उभं आहे. तेव्हा संशय यायलाच हवा.

पण मी पोटाची सोनोग्राफी करत नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत आले. आजारी नसलेल्या माणसाचं शरीर कसं चालतं, हा माझा विषय. त्याच यंत्राने मी बरीच वर्षं निरोगी माणसांच्या दंडातल्या धमनीतून रक्त कसं वाहतं ते मोजलं. आज त्याविषयी बोलणार आहे. आणि त्यात माझ्या हातून काय चुकलं, तेही सांगणार आहे.

आधी मोजतात कसं ते सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. रेल्वेची शिट्टी गाडी जवळ येताना चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की उतरते, हे आपण स्टेशनवर अनुभवलेलं असतं. ध्वनीचा उगम हलत असला की असं होतं. लहरींमधल्या अशा बदलाचा नियम ऑस्ट्रियातल्या ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडला. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडला, तर तो वाहत्या रक्तातल्या पेशींवर आपटून परत येतो आणि येताना बदललेला असतो. किती बदलला यावरून रक्ताचा वेग काढता येतो. जपानमध्ये ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी वापरून दाखवलं. सुई नाही, रक्त काढणं नाही, क्ष-किरण नाहीत. म्हणून निरोगी माणसावर हे मोजमाप करता येतं.

आमच्या प्रयोगात माणूस उपाशीपोटी येतो. सकाळपासून चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही. शांत खोलीत दहा-पंधरा मिनिटं उताणं पडून राहायचं. कोपराच्या थोडं वर, दंडाच्या आतल्या बाजूला जेली लावून यंत्राचा प्रोब टेकवायचा. पडद्यावर धमनी दिसते, तिचा व्यास मोजायचा. साधारण तीन-चार मिलिमीटर भरतो. मग कोपराच्या खाली रक्तदाबाचा पट्टा बांधून तो इतका फुगवायचा की हाताकडे जाणारं रक्त थांबावं. पाच मिनिटं तसंच ठेवायचं. हाताला मुंग्या येतात, हात जड होतो. मग पट्टा एकदम सोडला की अडलेलं रक्त धरणाचं दार उघडल्यासारखं धावतं. यंत्रातून त्याचा फुत्कार ऐकू येतो. या लोंढ्याचं घर्षण धमनीच्या आतल्या अस्तराला जाणवतं, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यामुळे धमनी सैल होऊन रुंदावते. साधारण मिनिटाभरात व्यास पाच-दहा टक्क्यांनी वाढतो. तीन मिलिमीटरच्या धमनीत म्हणाल तर दोन दशांश मिलिमीटर. एवढासाच फरक, पण आतलं अस्तर धड आहे की नाही हे त्यातून कळतं. अस्तर बिघडणं ही धमन्या कठीण होण्याची सुरुवात असते, आणि ती हृदयविकाराची लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी होते. लंडनच्या संशोधकांनी १९९२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप देतो या शोधासाठी १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. तिघेही पुरुष, हे जाता जाता.

आता माझी चूक. आमच्या पहिल्या अभ्यासाचा आराखडा मी लिहिला. कोणाला घ्यायचं त्या रकान्यात मी लिहिलं, 'वय २० ते ४० वर्षांचे निरोगी पुरुष'. कारण म्हणून एक ओळ, 'स्त्रियांमध्ये मासिक चक्रामुळे मापनात चढउतार होतात'. ही ओळ मी कुठून आणली? आधीच्या निबंधांतून. सगळे लिहीत होते, मीही लिहिली. समितीत कोणी हरकत घेतली नाही. समितीत दोन बायका होत्या. मी तिसरी.

हरकत घेतली ती आमच्या प्रयोगशाळेत साफसफाई करणाऱ्या मावशींनी. विद्यार्थी एकामागून एक येऊन पलंगावर झोपत होते. मावशी फडका पिळता पिळता म्हणाल्या, "बाई, सगळे पोरगेच कसे हो? आमच्या हातातनं काय रगत व्हात नाही?" मी हसले आणि पाळीचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे पाळी येती त्ये निरोगी न्हवं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मैत्रिणींनो, हे एका प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. अमेरिकेत रोज आड एक ॲस्पिरिन घेतल्याने हृदयविकाराचा झटका टळतो का, याचा मोठा अभ्यास झाला. १९८९ साली त्याचा अंतिम निष्कर्ष आला की टळतो. त्या अभ्यासात २२,०७१ डॉक्टर होते आणि त्यांत एकही बाई नव्हती. बायकांवरच्या अभ्यासाचं उत्तर यायला २००५ साल उजाडलं. ३९,८७६ बायकांच्या त्या अभ्यासात दिसलं की पहिल्या झटक्याचा धोका एकूणात कमी होत नाही, मेंदूतल्या झटक्याचा मात्र होतो. म्हणजे उत्तर वेगळं निघालं. तिथल्याच औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायची सूचना काढली होती. ती मागे घेतली गेली १९९३ साली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की सरकारी पैशावरच्या रुग्णसंशोधनात स्त्रियांना घेतलंच पाहिजे. तो आपोआप झाला नाही. तिथल्या स्त्री-आरोग्य चळवळीने बरीच वर्षं ओरड केली तेव्हा झाला.

याची किंमत कोण मोजतं? माझ्या घरातलंच सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय बावन्न. जिना चढताना दम लागायचा, पाठीत आणि जबड्यात दुखायचं, मळमळायचं. छातीत कळ अशी नव्हती. डॉक्टरांनी दोनदा पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा म्हणाले, पाळी जायचं वय आहे, मनावर घेऊ नका. घरात शरीरशास्त्र शिकवणारी मी होते, मलाही ते पटलं. मग एका पहाटे झटका आला. त्या वाचल्या, पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला होता. पुस्तकातला हृदयविकार हा पुरुषाचा हृदयविकार होता, आणि मी तेच पुस्तक शिकवत होते.

त्यानंतर आम्ही आराखडा बदलला आणि बायकांना बोलावलं. बोलावल्यावर कळलं की वगळणं किती सोपं होतं. पट्टा बांधायचा तर बांगड्या आड येतात. "काढून ठेवा" म्हटलं की बाई गप्प होते. नुकतं लग्न झालेली एक मुलगी चुडा उतरवायला नको म्हणून परत गेली. मग लक्षात आलं की बांगड्या मनगटाशी सारल्या तरी वर पट्ट्याला जागा असते. आम्ही विचारच केला नव्हता. पोलक्याची बाही घट्ट असली तर दंड दाबला जातो आणि माप चुकतं, म्हणून सैल बाहीचं घालून या असं आधी सांगायला हवं. पडदा हवा, प्रोब धरायला बाई हवी. पाळीची तारीख विचारायची तर आमचे पुरुष सहकारी खोकत बाहेर जायचे. बायका मात्र न लाजता सांगायच्या, फक्त विचारणारीने नीट विचारायला हवं.

आणि चक्राचं काय? १९९५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की धमनीचं हे रुंदावणं पाळीच्या चक्राबरोबर बदलतं. पुढे ते सगळ्या अभ्यासांत सारखं दिसलं नाही. कुठे फरक लहान, कुठे जवळजवळ नाहीच. पण समजा बदलतं. तर काय करायचं? पाळीच्या पहिल्या सात दिवसांत माप घ्यायचं, अशी साधी सोय आहे. किंवा चक्रात दोन-तीनदा मोजायचं आणि तो बदल हाच अभ्यासाचा विषय करायचा. चढउतार म्हणजे दोष, हे कोणी ठरवलं? ज्याच्या शरीरात तो चढउतार नाही त्याने.

बायकांकडे पाहिलं तेव्हा काय मिळालं तेही ऐका. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांत धमनीचा हा लवचीकपणा साधारण चाळिशीनंतर उतरू लागलेला दिसला. बायकांत तो पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत टिकून होता आणि मग झपाट्याने उतरला, म्हणजे पाळी जाण्याच्या सुमारास. माझ्या जाऊबाईंचं वय आठवा. 'पाळी जायचं वय आहे, मनावर घेऊ नका' हा सल्ला नेमका उलटा होता. पाळी जायचं वय आहे म्हणून मनावर घ्यायला हवं होतं.

पण इथे दुसरा खड्डाही आहे. इस्ट्रोजेन दिलं की धमन्या चांगल्या रुंदावतात असं अनेक प्रयोगांत दिसलं. त्यावरून पाळी गेलेल्या बायकांना संप्रेरकांच्या गोळ्या द्या, हृदय सुरक्षित राहील, असा प्रचार झाला. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर दोन संप्रेरकांच्या गोळीची रीतसर चाचणी झाली, आणि २००२ साली ती मुदतीआधी थांबवावी लागली. स्तनाच्या कर्करोगाचा, मेंदूतल्या झटक्याचा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढला होता आणि हृदयाचं रक्षणही झालं नव्हतं. म्हणजे दंडातली धमनी मिनिटभर छान रुंदावली म्हणून बाई सुरक्षित असं होत नाही. आमचं माप हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

आकड्यांतही गंमत असते. बायकांची धमनी मुळात अरुंद. तीन मिलिमीटरची धमनी दोन दशांशाने वाढली तर सहा-सात टक्के होतात, चार मिलिमीटरची तेवढीच वाढली तर पाच टक्के. मग निबंधात येतं, 'स्त्रियांच्या धमन्या अधिक कार्यक्षम'. आपण खूश व्हायचं कारण नाही. तो भागाकाराचा परिणामही असू शकतो. पण एकदा असं छापून आलं की 'बायकांना हृदयविकार होत नाही' हे म्हणायला लोक मोकळे.

आता मुख्य प्रश्न. निरोगी माणूस म्हणजे कोण? आमच्या अर्जात प्रश्न होता, 'धूम्रपान करता का?' बायका 'नाही' म्हणायच्या आणि आम्ही निरोगी म्हणून खूण करायचो. एक दिवस मावशींनीच सांगितलं, "बाई, ती मिशरी लावून आलीय." मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. दिवसातून चार वेळा मिशरी लावणारी बाई आमच्या कागदावर तंबाखू न घेणारी होती. कारण तो प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिगारेट ओढणारा पुरुष होता.

तसंच रक्तपांढरीचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्त कमी आढळलं. रक्त पातळ असेल तर ते अधिक वेगाने वाहतं, हृदयाला जास्त काम पडतं, म्हणून आमच्या मापात फरक येतो. मग रक्तपांढरी असलेल्या बायका वगळायच्या? तर निम्म्याहून अधिक गेल्या. उरतात त्या खात्यापित्या घरच्या. त्यांच्या मापाला आम्ही 'भारतीय स्त्रीचं निरोगी माप' म्हणणार. आणि डोक्यावर हंडे वाहणारी, ऊस तोडणारी, रात्रपाळीची बाई आमच्या लेखी आजारीही नाही आणि निरोगीही नाही. ती कागदावरच नाही.

आता दारावरच्या पाटीबद्दल. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी आहे. हात तपासायच्या खोलीवर ही पाटी कशाला, असं विद्यार्थी विचारतात. एकदा एक बाई पाटी वाचून दारातूनच फिरली. नंतर म्हणाली, "आत शिरताना कोणी बघितलं असतं तर सासू म्हणाली असती, दिवस गेले की काय, आणि लपवतेस कशाला."

खरं सांगते, सुरुवातीला मलाही त्या नोंदणीचा, कागदपत्रांचा कंटाळा यायचा. आमचा प्रोब दंडाच्या वरवरच्या धमनीचा. पण यंत्र तेच. प्रोब बदलला की पोटही दिसतं. मग मी जुने अंक काढून वाचले. १९८५ च्या सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, आरोग्य चळवळीतले लोक, विज्ञान चळवळीतले लोक एकत्र आले. तेव्हा प्रश्न मुख्यतः गर्भजल तपासणीचा होता. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ साली लागू झाला. तोवर सोनोग्राफी गावोगाव पोचली होती. कायदा कागदावरच राहतोय म्हणून २००० साली सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली दुरुस्ती झाली. डॉक्टरांच्या संघटनेने कागदपत्रांतल्या चुकांना गुन्हा मानू नये म्हणून न्यायालयात दाद मागितली, ती २०१९ साली फेटाळली गेली. एवढं वाचल्यावर माझा कंटाळा गेला. जे यंत्र मी वापरते त्याचा हिशेब मी द्यायला हवा. संशोधनासाठी कायदा सैल करा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्यांना खरोखर हातच मोजायचा आहे, त्यांना रजिस्टर भरायला किती वेळ लागतो?

मग आपण काय करायचं? तुमच्या गावात, वस्तीत कोणी संशोधक आले आणि 'निरोगी बायका हव्यात' म्हणाले, तर लगेच हाकलू नका आणि लगेच रांगही लावू नका. बसवा आणि विचारा. कशासाठी मोजताय? माहितीपत्रक मराठीत आहे का, आणि वाचता न येणाऱ्या बाईला ते कोण समजावणार? मधेच नको वाटलं तर उठून जाता येईल ना? जायचा यायचा खर्च, बुडालेली मजुरी कोण देणार? तपासताना रक्तदाब जास्त निघाला तर सांगणार का, आणि पुढे कुठे पाठवणार? निष्कर्ष आम्हाला येऊन सांगाल का? मिशरी विचारलीत का? रक्तपांढरी असलेल्यांचं काय करणार? यंत्राची नोंदणी दाखवा. हे उद्धटपणाचे प्रश्न नाहीत. संशोधनातल्या नीतीसाठी आपल्याकडे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातले बरेचसे प्रश्न तिथेच आहेत.

दुसरं, कोणी शिबिरात पैसे घेऊन 'धमनीची तपासणी' विकू लागलं तर सावध राहा. हे माप गटांच्या तुलनेसाठी आहे. एका बाईचं माप आज एक येतं, झोप झाली नाही की उद्या दुसरं. आपल्या बायकांना आधी हवं ते स्वस्त आहे, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. आणि एक प्रश्न फुकट आहे, तो प्रत्येकीला विचारा: "बाळंतपणात तुझा रक्तदाब वाढला होता का?" ज्यांचा वाढला होता त्यांना पुढल्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. दवाखान्यात हे क्वचितच कोणी विचारतं. बाळ सुखरूप झालं की बाईचं बीपी सगळे विसरतात.

शेवटी मावशींचं सांगते. आराखडा बदलल्यावर पहिलं माप त्यांचं घेतलं. रीतसर, सगळं समजावून, अंगठा घेऊन. पट्टा सोडल्यावर रक्ताचा आवाज खोलीभर झाला. त्या दचकल्या. "ह्यो माझाच आवाज?" म्हणाल्या. हो म्हटलं. मग जरा वेळ ऐकत पडून राहिल्या. त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, त्यांना ते माहीत नव्हतं. आमच्या कडक नियमांप्रमाणे त्या 'निरोगी' गटात बसल्या नाहीत. त्यांचं माप आम्ही फेकलं नाही. त्यासाठी वेगळा रकाना केला. आणि बहिर्रुग्ण विभागात त्यांच्याबरोबर मी स्वतः रांगेत उभी राहिले.

प्रश्न असतील तर विचारा. मी जेवणाच्या सुट्टीतही इथेच आहे.